काळ्या मातीत ॲव्होकॅडो लावायचाय? आधी हे वाचा

गेल्या सात वर्षांत मी ॲव्होकॅडोची चार झाडं लावली. तीन मेली. पहिलं मे महिन्यात करपलं. दुसरं आणि तिसरं भर पावसाळ्यात, आजूबाजूला पाणीच पाणी असताना, तहानल्यासारखी मान टाकून गेली. चौथं आज आमच्या विहिरीच्या पूर्वेला उभं आहे. माझ्या दीडपट उंच झालंय आणि गेल्या साली त्याने अकरा फळं दिली. अकराच. पण वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात, जिथे कपाशी, तूर आणि संत्रा सोडून कोणी दुसरं नाव घेत नाही, तिथे ती अकरा फळं बघायला गल्लीतली माणसं आली होती.

झाड लावायच्या आधी मी मोबाईलवर डझनभर व्हिडिओ पाहिले होते. सगळे कुठल्या ना कुठल्या थंड डोंगरावरचे. विदर्भातली काळी माती आणि विदर्भातला मे महिना त्यात कुठेच नव्हता. म्हणून हे लिहिते आहे, तुमची तरी पहिली तीन झाडं वाचावीत.

१. कशासाठी लावताय ते आधी ठरवा

एकरभर लावून पैसा करायचा असेल तर इथेच थांबा. ॲव्होकॅडो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आपल्या देशात तो रुळला तो कूर्ग, वायनाड, निलगिरी, पळणीच्या डोंगरउतारांवर आणि तिकडे सिक्कीमला. यातल्या एकाही ठिकाणी पारा ४५ ला टेकत नाही. आपल्याकडे टेकतो, आणि दोन-चार दिवस नाही, आठवडाभर टेकून बसतो.

त्यातही गोम अशी की झाडाला मोहर येतो हिवाळा सरता सरता, आणि फळं वाटाण्याएवढी होतात तेव्हा नेमकं ऊन तापायला लागतं. बरीचशी फळं तिथेच गळतात. तेव्हा घरापुरतं एक झाड, फार तर दोन. परसात जागा आहे, पाण्याची सोय आहे, आणि चार-पाच वर्षं वाट पाहायची तयारी आहे, एवढं असेल तर पुढे वाचा.

२. काय काय लागेल

- कलमी रोप (बियांचं नको, का ते पुढे सांगते)
- झाडाखालच्या मातीच्या ओट्यासाठी अर्धा ब्रास (५० घनफूट) भरण: माती, कुजलेलं शेणखत, रेती, तूस (प्रमाण पुढे सांगते)
- हिरवी शेडनेट, चार बांबू किंवा बल्ल्या
- तुराट्यांच्या दोन ताट्या
- सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा गव्हांडा, दोन-तीन पोती
- भिजवलेला चुना आणि जुना ब्रश
- निंबोळी ढेप, ट्रायकोडर्माची पुडी (ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी)
- कुंपणाला जाळी

कागद दोनच: माती-पाणी परीक्षणाचा अहवाल आणि रोपाची पावती. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तपासून घ्या, ही पायरी टाळू नका. ॲव्होकॅडोला खारं पाणी अजिबात चालत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात, तुम्ही राहत असाल आणि बोअरच्या पाण्याशिवाय दुसरं पाणी नसेल, तर मी हे झाड लावू नका असंच म्हणेन. दुसरी फळं आहेत की.

३. जागा निवडताना

आपल्याकडे परसात झाड लावायचं म्हटलं की पहिलं बोट मोरीकडे जातं. सांडपाणी आयतं मिळतं, केळी आणि अळू तिथे माजतात, मग हेही माजेल. नाही माजणार. साबणाच्या पाण्यातले क्षार आणि कायमची ओल, दोन्ही या झाडाचे वैरी. मोरीपासून निदान पंधरा-वीस फूट लांब जा.

सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी दोननंतर सावली पडेल अशी जागा सगळ्यात चांगली. घराची किंवा विहिरीची पूर्व बाजू, किंवा मोठ्या आंब्या-कडुनिंबाच्या पूर्वेला, पण त्याच्या मुळांपासून हातभर नव्हे, चांगलं वीस-पंचवीस फुटांवर. टिनाच्या पत्र्याजवळ नको, पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागून तर नकोच. अशी भिंत रात्री नऊपर्यंत तव्यासारखी गरम राहते.

वाऱ्याचाही विचार करा. याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि पानं मोठी. मी पहिल्या झाडाला आडोसा म्हणून पश्चिमेला तुरीची ओळ पेरली होती. हिवाळ्यात काय झकास दिसत होती! आणि माघात तूर सोंगली, तेव्हा लक्षात आलं की ऊन सुरू व्हायच्या आधीच माझा आडोसा खळ्यात गेला. हसू नका. आता पश्चिमेला शेवगा आहे. शेवगा लवकर वाढतो, शेंगाही देतो. तो मोठा होईपर्यंत तुराट्यांच्या ताट्या उभ्या करा.

४. मातीची घरगुती परीक्षा

अहवाल येईल तेव्हा येईल, तोवर दोन गोष्टी स्वतः करून बघा.

एक, चुनखडीची. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका (हात लांब ठेवून, उघड्यावर). फस्स करून फेस आला तर मातीत चुना आहे. जितका फेस जास्त तितका चुना जास्त. अशा मातीत झाडाला लोह घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्रावाल्यांना हे चित्र पाठ आहे. ॲव्होकॅडोला सामू (पीएच) साडेपाच ते सातच्या मधला लागतो, आणि आपली काळी माती बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास असते.

दोन, निचऱ्याची. पावसाळ्यात, जमीन ओली असताना, दीड फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर जमीन चालेल. आमच्याकडे मी संध्याकाळी भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात बेडूक पोहत होता.

५. खड्डा खोदू नका, ओटा बांधा

सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबते.

दुसऱ्या रोपासाठी मी संत्र्याला खोदतात तसा दोन बाय दोनचा खड्डा घेतला. काळी माती बाहेर काढली, आत रेती, मुरूम, शेणखत असं सगळं भुसभुशीत भरलं. वाटलं, राजेशाही थाट केला. खरं म्हणजे मी जमिनीत एक बादली पुरली होती. चारी बाजूंना चिकट काळी माती, मधे भुसभुशीत भरण. पाऊस पडला की आजूबाजूचं पाणी वाहून त्यात येणार आणि बाहेर जायला वाट नाही.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी पानं लोंबली. मला वाटलं, पाणी कमी पडलं असेल, आणि मी अक्कल गहाण ठेवल्यासारखं वरून आणखी एक बादली ओतली. आठवड्याभरात झाड गेलं. उपटलं तर अलगद हातात आलं. बारीक मुळ्या काळ्या पडलेल्या, चिमटीत धरल्या की साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहायचा. पांढरं टोक एकाही मुळीला नव्हतं. सासरे बांधावर बसून बघत होते. त्यांनी एक मुळी बोटात चुरली आणि म्हणाले, "सूनबाई, हे तं आपल्या डिंक्याचंच भावंडं दिसते."

त्यांचं बरोबर होतं. संत्र्याला डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकूज करते ती फायटोप्थोरा नावाची बुरशी. ॲव्होकॅडोची मुळं खाते तीही फायटोप्थोराच, फक्त जात वेगळी. ही बुरशी साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत मुळांपर्यंत जाते. ॲव्होकॅडोची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, त्यांना केसमुळं जवळजवळ नसतात, आणि हवा कोंडली की ती दोन-चार दिवसांत दम तोडतात. मग पाणी असूनही झाड पिऊ शकत नाही. म्हणून ते तहानल्यासारखं दिसतं, आणि आपण आणखी पाणी घालतो.

तिसरं झाड मी त्याच खड्ड्यात लावलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही. एकदा मूळकूज झालेल्या जागी पुन्हा लावू नका, बस.

आता ओटा. जमिनीवरच मातीचा ढीग करायचा: तळाशी ६ फूट रुंद, माथ्यावर ३ फूट, उंची २ फूट. हिशेब केला तर साधारण ३५ घनफूट माती लागते, पण ढीग दबतो म्हणून ५० धरा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे एका ब्रासमध्ये दोन ओटे. मातीत निम्मी पोयट्याची किंवा लालसर मुरमाड माती, पाव भाग कुजलेलं शेणखत, उरलेल्यात रेती आणि धानाचं तूस. भंडारा-गोंदियाकडे तूस राईस मिलवर सहज मिळतं, आमच्याकडे मागवावं लागतं. नसेल तर कुजलेलं कुटार चालतं. मुरूम आणताना ॲसिडचे दोन थेंब त्यावरही टाका, पांढऱ्या चुनखडीचा मुरूम घेऊ नका. संत्र्याच्या जुन्या बागेतली माती तर फुकट मिळाली तरी नको.

ओट्याखालची जमीन आधी सब्बलने उकरून घ्या, म्हणजे दोन मातींमध्ये थर पडणार नाही. ओटा मे महिन्यात बांधा आणि पावसाळाभर तसाच दबू द्या. वर ताग पेरला तर सोन्याहून पिवळं. बांधल्या बांधल्या रोप लावलं तर ओटा दबताना रोप खाली जातं आणि बुंध्याशी खळगा तयार होतो.

६. रोप कोणतं, कुठून

खाल्लेल्या फळाची बी काड्या खुपसून पाण्याच्या ग्लासवर ठेवायची, हा खेळ मुलांना करू द्या. कोंब येतो, मजा वाटते. पण बियांपासून वाढलेल्या झाडाला फळ यायला सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि फळ आईसारखंच निघेल याची खात्री नाही. कधी बरं निघतं हेही खरं. जगभर विकला जाणारा हास हा वाण असाच एका बियांच्या झाडातून मिळाला. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने ते झाड वाढवलं आणि १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते मूळ झाड २००२ साली मेलं. कशाने, माहीत आहे? मूळकुजीने. तेव्हा आपण फार वाईट वाटून घेऊ नये.

कलमी रोप तीन-चार वर्षांत फळ देतं. वाणांच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: ॲव्होकॅडोचे तीन वंश आहेत, मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. पहिला थंडी सोसतो, तिसरा उष्णता, दमटपणा आणि थोडंफार क्षार. आपल्याला तिसऱ्याकडे झुकणारा वाण हवा. फळ मोठं, हिरवं, जरा पाणीदार असतं, तेल कमी. हासएवढं लोण्यासारखं नाही, पण झाड उभं राहतं. दक्षिणेत तामिळनाडूतल्या तडियनकुडिसैच्या संशोधन केंद्रातून आलेला टीकेडी-१ आहे, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का सुप्रीम आहे. हास हा थंड हवेचा लाडोबा आहे, आपल्या उन्हात त्याला ओढू नका.

आता फसवणूक. रोप विकणारे सगळ्याच झाडांना "हास" म्हणतात, कारण ते नाव विकलं जातं. माझं पहिलं रोप "इस्रायली हास, दोन वर्षांत फळ, पन्नास डिग्रीत चालते" असं सांगून साडेचारशेला दिलं होतं. घरी आणून बघितलं तर बुंध्याला कलमाचा सांधाच नव्हता. बियांचं रोप, कलमाच्या भावात. म्हणून घेताना हे बघा:

बुंध्यावर, मातीपासून वीत-दीड वीत वर, कलमाची गाठ किंवा तिरकी खूण दिसलीच पाहिजे. सांध्याखालून फुटवे आलेले नकोत. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन वळलेलं असेल तर रोप जुनं आहे, सोडा. पिशवीतली माती चिखल झालेली, वर हिरवं शेवाळ, खालची पानं पिवळी असं असेल तर रोपाबरोबर बुरशीही घरी येते. एका पिशवीच्या कडेची माती हळूच बाजूला करून मुळाचं टोक बघू द्या म्हणा. पांढरं हवं. विकणारा कुरकुर करेल, करू द्या.

आणि पावतीवर वाणाचं नाव आणि "कलम" हा शब्द लिहून घ्या. आपल्या राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ च्या कायद्यापासून कृषी विभागाचा परवाना लागतो. परवाना दाखवा म्हटल्यावर कोणाचा चेहरा पडला तर उत्तर मिळालं. ट्रकमधून रस्त्याच्या कडेला रोपं विकणाऱ्याकडून तर घेऊच नका, तो पुढच्या वर्षी दिसत नाही. "तुम्ही लावा, माल आम्हीच घेऊ" म्हणणाऱ्यांना दुरूनच रामराम.

रोप लांबून आलं असेल तर पहिल्या दहा दिवसांत पानं गाळतं. घाबरू नका. आंब्याखाली पिशवीतच तीन आठवडे ठेवा, नवी पालवी फुटून घट्ट झाली की लावा.

७. लागवड: पोळा ते दसरा

गावात सगळे मृगात झाडं लावतात. हे झाड मी मृगात लावत नाही. आधी झडीचे दोन महिने, मग लगेच ऊन, रोपाला उसंत कुठे मिळते? पोळ्यानंतर पावसाचा जोर ओसरतो, माती गरम असते, पुढे चार-पाच महिने गोड हवा. तेवढ्यात मुळं ओटाभर पसरतात.

ओट्याच्या माथ्यावर पिशवीएवढाच खळगा करा. पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. या झाडाची मुळं फार नाजूक, संत्र्यासारखी झटकून लावता येत नाहीत. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग ओट्याच्या मातीपेक्षा बोटभर वर राहू द्या आणि कलमाची गाठ मातीखाली जाऊ देऊ नका. पायाने दाबू नका, पाणी घालून माती बसवा. ट्रायकोडर्मा चांगल्या शेणखतात कालवून आठ दिवस सावलीत ओलसर ठेवलेला असेल तर तो आताच वरच्या थरात मिसळा. खड्ड्यात मूठभर डीएपी टाकायची आपल्याकडे सवय आहे. ती इथे सोडा, मुळं जळतात.

मग आच्छादन. सोयाबीनचं कुटार किंवा गव्हांडा चार ते सहा इंच जाड, पण बुंध्यापासून वीतभर मोकळं. कुटाराने बुंधा झाकला की साल कुजते. पऱ्हाटीचे (कपाशीच्या काड्यांचे) तुकडे वापरू नका, उधई (वाळवी) आमंत्रण दिल्यासारखी येते. कुटाराखाली दोन मुठी निंबोळी ढेप टाकत जा.

८. पहिला उन्हाळा

शिवरात्र झाली की मांडव घाला. वाट बघू नका, रंगपंचमीला उशीर झालेला असतो. चार बल्ल्या, वर हिरवी जाळी, पश्चिमेला आणि दक्षिणेला तुराट्यांच्या ताट्या जमिनीपासून वरपर्यंत. पूर्व बाजू उघडी ठेवा. जाळी शेंड्याच्या दोन फूट वर हवी. पानांना टेकलेली जाळी तिथेच पान भाजते.

बुंध्याला आणि उघड्या फांद्यांना पातळ चुना लावा. माणसं विचारतात, दिवाळी आहे का. याची साल हिरवी आणि पातळ असते, ऊन थेट लागलं की भाजून फाटते आणि त्या फटीतून कीड शिरते. पहिलं झाड माझं असंच गेलं. पानं होती तोवर बुंधा सावलीत होता, पानं गळली आणि चार दिवसांत साल तपकिरी. खालच्या फांद्या म्हणून छाटायच्या नाहीत. जमिनीला टेकणारी पानं हीच झाडाची धोतरं आहेत.

पाणी सकाळी, थोडं आणि नेमाने. पहिल्या उन्हाळ्यात मी दररोज सहा-सात लिटर देत होते, मेअखेरच्या नवतपात संध्याकाळी आणखी तीन-चार. पण आकड्यावर जाऊ नका. कुटार बाजूला करून बोट दोन पेरं मातीत घाला. गार आणि ओलं लागलं तर आज पाणी नको. ओटा उंच असल्यामुळे लवकर सुकतो हे खरं आहे. तरी सुकलेल्या ओट्यात पाणी घालता येतं, खड्ड्यातलं काढता येत नाही.

आमच्याकडे शेतीची लाईन (वीज) आठवड्याआड रात्रीची असते. म्हणून ओट्याजवळ दोनशे लिटरचा ड्रम उंचावर ठेवून त्यातून दोन नळ्या सोडल्यात. ठिबकचे ड्रिपर बुंध्याशी नको, फूट-दीड फूट लांब, झाड वाढेल तसे आणखी बाहेर. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खर साचत असेल तर पाणी जड आहे असं समजा. पानांची टोकं तपकिरी होऊन आत सरकायला लागली तर क्षार साचलेत. महिन्यातून एकदा भरपूर पाणी देऊन ओटा धुऊन काढा. पावसाचं पाणी टाकीत साठवता आलं तर ते याच झाडासाठी राखून ठेवा.

९. खत

पहिले सहा महिने काहीच नाही. मग वर्षातून तीन वेळा, दोन-दोन घमेली शेणखत आणि जरासं नत्र, नेहमी ओल्या मातीत, बुंध्यापासून लांब. पोटॅश द्यायचं झालं तर लाल म्युरेट नको, त्यात क्लोराईड असतं; सल्फेटवालं मागा, महाग आहे पण थोडंच लागतं. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं दिसलं तर चुन्याच्या मातीत साधं हिराकस वाया जातं. दुकानात ईडीडीएचए चिलेटेड लोह मागा. ते तांबडंलाल असतं, पाण्यात विरघळवून मातीत द्या.

१०. पावसाळा

मृग लागायच्या आधी ओट्याच्या भोवती नाली काढा आणि तिला उतार द्या, नुसती गोल नाली म्हणजे खंदक. ओटा कुठे खचला असेल तर माती चढवा, दरवर्षी थोडी बाजूनेही वाढवा. ठिबक बंद करा. ऐकायला सोपं वाटतं, पण माझ्या जाऊबाईंनी श्रावणात "राहिलं असेल" म्हणून दोनदा नळी सोडली होती.

बुंध्याची साल तपकिरी झाली असेल तर संत्र्याला लावता तोच बोर्डो मलम पावसाळ्याआधी आणि नंतर लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस लेप चढला तर चुना आणखी हवा. एक मात्र सांभाळा, मोरचूद आणि ट्रायकोडर्मा एकत्र नांदत नाहीत. मलम बुंध्याला, ट्रायकोडर्मा मातीत, आणि दोहोंमध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

पानं लहान, फिकट, लोंबलेली आणि माती ओली, अशी जोडी दिसली तर पाणी तोडा, आच्छादन काढून ओटा उघडा करा. हातात एवढंच असतं. लवकर दिसलं तर झाड वाचतं.

११. शेळ्या, गुरं, वानरं

हे वाचायला विसरू नका. ॲव्होकॅडोच्या पानांत, सालीत आणि बियांत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला गराचा त्रास होत नाही, पण शेळ्या, गाई, घोडे, ससे आणि पक्ष्यांना ते विषारी आहे. दुभत्या शेळीची कास सुजते, दूध आटतं, जास्त खाल्लं तर हृदयावर जाऊन जीव जातो. आपल्याकडे फांदी छाटली की ती शेळीपुढे टाकायची सवय हाडात भिनलेली आहे. घरातल्या सगळ्यांना, गुराख्यालाही, बजावून ठेवा. छाटलेलं पुरून टाका. कुंपण झाडासाठी घालतो असं वाटतं, इथे ते शेजाऱ्याच्या शेळीसाठी आहे. कोंबड्यांनाही गर-सालीचा उकिरडा उघडा ठेवू नका.

वानरांचं काय करायचं? मला सापडलेलं नाही. एक कळप आला की शेंडे मोडून जातो. आमचं झाड विहिरीजवळ, माणसांच्या राबत्यात आहे म्हणून टिकलं.

१२. मोहर आणि फळ

याचं फूल दोनदा उमलतं. पहिल्या दिवशी मादी म्हणून, मग मिटतं, दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही वाणांची फुलं सकाळी मादी असतात (हास त्यातला), काहींची दुपारी (फुएर्ते त्यातला). दोन्ही प्रकारची झाडं जवळ असली तर फळ जास्त धरतं. एकट्या झाडालाही थोडं लागतं, माझी अकरा त्यातलीच. मोहरावर कोणतंही औषध मारू नका, मधमाश्या येऊ द्या. हजारो फुलं गळून ओट्यावर सडा पडेल, तो पडतोच.

फळ झाडावर पिकत नाही, काढल्यावर मऊ होतं. आंब्यासारखा पाड लागायची वाट बघत बसलात तर वाट बघत बसाल. हिरव्या वाणाचं फळ काळंही पडत नाही. आमच्याकडे श्रावणात मी सगळ्यात मोठं एक फळ देठासकट कात्रीने कापलं (ओढायचं नाही, देठाच्या जागी कुजतं) आणि गव्हाच्या कोठीत केळ्याबरोबर ठेवलं. आठव्या दिवशी बोटाने दाबलं तर दबलं, साल आवळली नव्हती. म्हणजे बाकीचीही तयार होती. तुमचं पहिलं फळ सुरकुतून रबरासारखं झालं तर ते कोवळं होतं. तीन आठवडे थांबा आणि पुन्हा एकच काढून बघा. तयार झालेली फळं झाडावर काही आठवडे राहतात, लागतील तशी काढा.

शिजवू नका, कडवट होतं. आम्ही कांदा, हिरवी मिरची, लिंबू, मीठ घालून चेचलं आणि ज्वारीच्या भाकरीवर घेतलं. सासऱ्यांनी एक घास खाल्ला, जरा वेळ विचार केला. "ना गोड ना आंबट. ठेचा चांगला हाय पण." दुसरी भाकर मात्र मागून घेतली.

बी टाकून देऊ नका, पण साठवूनही ठेवू नका. वाळली की उगवत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या आत, टोकाकडची बाजू वर करून, अर्धी मातीबाहेर राहील अशी पिशवीत लावा. ते रोप पेन्सिलएवढं जाड झालं की गावातल्या कलम बांधणाऱ्याला त्यावर तुमच्याच झाडाच्या काडीचं पाचर कलम करायला सांगा. पुढचं रोप विकत आणायला नको.